लोधीपुऱ्यातल्या शेडची गाडी

गाडी बनवायला आम्हाला अडीच वर्षं लागली. आता चौघं चहाला भेटलो की तिच्या गोष्टींना एक संध्याकाळ पुरत नाही. एकानं सुरुवात केली की दुसऱ्याला तिसरंच आठवतं.

चौघं म्हणजे मी, पेपर मिलमधला इलेक्ट्रिशियन. भागवतमामा, त्याच मिलमधले लेथवरचे टर्नर. गिरीश, ज्याच्या लोधीपुऱ्यातल्या गॅरेजमागच्या शेडमध्ये गाडी तयार झाली. आणि वैशाली, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवणारी, दापोऱ्याच्या केळीवाल्या घरातली मुलगी. इंदूरकडच्या एका ट्रॅकवर घरी बनवलेल्या गाड्यांची दोन तासांची शर्यत असते. तिच्यात टिकायचं, एवढंच ठरलं होतं. जिंकायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

*

वजन करायला गाडी टेम्पोत घालून नेत होतो, तर बुधवाऱ्याच्या बाजारात ट्रॅफिकमध्ये अडकलो. एक कापड दुकानदार पायरी उतरून आले.

"भैया, इसमें सवारी कितनी बैठेगी?"

"एक," गिरीश म्हणाला.

त्यांनी आम्हा चौघांना मोजलं. "और बाकी तीन?"

मामा शांतपणे म्हणाले, "देखते रहेंगे."

*

चालवणार होता गिरीश. शाळेपासून त्याचं तेच स्वप्न. पण दापोऱ्याच्या शेतरस्त्यावर पहिली लांब चाचणी घेतली आणि अर्ध्या तासात त्याची कंबर धरली. दोघांनी ओढून बाहेर काढलं. गाडी वळवून ठेवायला म्हणून वैशाली बसली, ती चाळीस मिनिटं फेऱ्याच मारत राहिली.

"उतरू का?" तिनं विचारलं.

"पेट्रोल संपलं?" गिरीश म्हणाला.

"नाही."

"मग कशाला उतरतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो, तर गिरीश एकटाच सीटचे बोल्ट काढून ती पुढे सरकवत होता. मी म्हटलं, "गिऱ्या, हे काय?"

"काही नाही. तिचे पाय पोचत नव्हते."

*

वैशालीच्या वडिलांना, नानांना, यातलं काहीच माहीत नव्हतं. एकदा ते बांधावरून तरातरा आले आणि गाडी अडवली.

"कोन पोरगं आहे हे? सगळ्या केळीवर धूळ बसून राहिली ना!"

वैशालीनं हेल्मेट काढलं. नानांनी एकदा तिच्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि आल्या बांधानं परत गेले. ती त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही भीतभीतच गेलो, तर अख्खा रस्ता ओला. नाना टँकरपाशी पाइप गुंडाळत होते. म्हणाले, "आता घे पळवून. सुकला तर पुन्हा मारतो पानी."

*

शर्यतीच्या आदल्या दिवशी गाड्यांची तपासणी होती. तपासणाऱ्या साहेबांनी मागच्या एक्सलवर बोट ठेवलं. "हे कुणी बनवलं?"

"मी," मामा म्हणाले.

"ड्रॉइंग दाखवा."

"आणता नाही आलं, साहेब. शेडच्या फरशीवर खडूनं काढलंय."

साहेबांनी खाली बसून एक्सलवरून हात फिरवला आणि गाडी पास केली. जाताना म्हणाले, "ती फरशी पुसू नका."

*

आणि शर्यत. एक तास पन्नास मिनिटं सगळं सुरळीत. मग शेवटच्या वळणाबाहेर आमची गाडी आचके देऊन थांबली. फ्युएल पंप गेला होता. समोर दोनशे मीटरवर शेवटची रेषा. दोन तास संपल्यावर गाडीनं रेषा ओलांडली नाही, तर निकालात नाव नाही. बाहेरच्या कुणी गाडीला हात लावला, तर बाद.

गिरीशनं डोळे मिटून घेतले. मला वायरलेसवर वैशालीचा आवाज आला. "दादा, बॅटरी किती आहे?"

"पूर्ण आहे. का?"

तिनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि नुसता स्टार्टर फिरवला; इंजिन बंद, पण बॅटरीवरची ती मोटरच चाकांना ढकलते. गाडीनं एक धक्का खाल्ला आणि पाच हात पुढे आली. पुन्हा स्टार्टर, पुन्हा पाच हात. मध्येमध्ये ती थांबायची, स्टार्टर गार होऊ द्यायची. ती बॅटरी मी बसवली होती. प्रत्येक धक्क्याला स्टार्टरचा आवाज बसत चालला होता, आणि मी धक्के मोजत होतो. इतर टीमची माणसं आपापली कामं सोडून ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली.

शेवटच्या धक्क्याला पुढची चाकं रेषेपलीकडे गेली, मग मागची.

नोंद करणारे गृहस्थ कागद घेऊन आले. जरा घुटमळले. "पण गाडी तर बंद पडली होती ना?"

मामा म्हणाले, "इंजिन बंद पडलं होतं, साहेब. गाडी चालू होती."