काळी रंगवलेली नळी

त्या वेळी माझं पोस्टिंग देवळालीला होतं. सुट्टी मिळाली की एसटीत बसून संध्याकाळपर्यंत येवल्याला घरी पोचता येईल, असं पोस्टिंग सैनिकाला नशिबानेच मिळतं. नव्वदीची मधली वर्षं होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. युनिटच्या गाड्या जिथे उभ्या राहतात, तपासल्या जातात आणि दुरुस्त होतात त्या जागेला आम्ही एमटी म्हणतो. माझं काम तिथे होतं.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, फौजेत सगळं काटेकोर असतं. असतं. पण त्यातला निम्मा काटेकोरपणा चुना आणि गेरू यांच्यावर खर्च होतो. झाडांच्या बुंध्यांना गेरू, रस्त्याकडेच्या दगडांना चुना, आगीच्या बादल्यांना लाल रंग. आमच्या एमटीचे सुभेदारसाहेब या विद्येतले महापंडित होते. त्यांचं नाव मी घेत नाही. नाव घेण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. हातात पाना धरलेला मी त्यांना कधी पाहिला नाही, पण इन्स्पेक्शन आलं की रंगाचा डबा घेऊन सगळ्यांत पुढे. टायरला काळा रंग, नटांना चंदेरी रंग. वरून कीर्तन आतून तमाशा, असा सगळा कारभार.

कमांडिंग ऑफिसरसाहेबांची स्टाफ कार काळी होती आणि पेट्रोलवर चालायची. माझ्या भरतीच्याही आधीची गाडी. तिचा ड्रायव्हर नाईक बरकू गावित, सुरगाण्याकडच्या डोंगरातला. घरी भात आणि नागलीची शेती. बोलणं मोजकं. गाडी पुसायला सरकारी फडकं न वापरता स्वतःचं जुनं बनियान वापरायचा. फडकं काचेवर ओरखडे पाडतं, असं त्याचं मत होतं. रोज सकाळी तो बोनेट उघडायचा आणि काही करण्याआधी नुसता वास घ्यायचा. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. मी हसलो नाही. ज्याला गाडीचा वास कळतो, त्याला अर्धी मेकॅनिकी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी बरकू माझ्याकडे आला.

"उस्ताद, पेट्रोलचा वास येतो. लय नाय, पण येतो."

मी इंजिन थंड होऊ दिलं आणि मग हात घातला. फ्युएल पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी कडक झाली होती. वाकवली तर पृष्ठभागावर बारीक भेगा. बोटाला ओल लागली. जागा वाईट होती. इंजिन चालू झालं की पंप याच नळीत पेट्रोल दाबून ढकलतो, आणि बरोबर खाली एक्झॉस्टचं तापलेलं लोखंड असतं. बंद गाडीत ही नळी नुसती पाझरते. चालू गाडीत ती पिचकारी मारते.

अशा वेळी नियम साधा आहे. गाडी चालू करायची नाही. "कुठून गळतं ते बघू" म्हणून तर मुळीच नाही. बॅटरी सोडवायची, गाडी हाताने ढकलून मोकळ्यावर न्यायची, आणि नळी अख्खी बदलायची, नव्या क्लिपांसकट. मी बॅटरी सोडवली. आम्ही दोघांनी गाडी ढकलत बाजूला नेली. तिच्या आरशाला मी लाल पाटी लावली, व्हीओआर, म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायची नाही. आमच्याकडे रीत अशी की ही पाटी मेकॅनिक लावतो आणि मेकॅनिकच काढतो. पाटी निघाली म्हणजे काम झालं. ड्रायव्हर मग विचारत बसत नाही.

नवी नळी स्टोअरमध्ये नव्हती. सणानंतर येणार होती. मी सुभेदारसाहेबांना रिपोर्ट दिला.

"कल पूजा है," ते म्हणाले. "मेमसाब खुद आरती करेंगी. सीओ साब की गाडी लाइन में नहीं होगी?"

"नहीं होगी, साब. लाइन लीक है."

"थोडा पसीना है. तुम लोग बात का बतंगड बनाते हो."

मी पुन्हा सांगितलं, "गाडी स्टार्ट नहीं होगी, साब." त्यांनी मान हलवली. फौजेत वरिष्ठाने मान हलवली की समजून घेतलं असं धरतात. इंजिनला जेवढं समजतं तेवढंही या गृहस्थाला समजलं नव्हतं.

दसऱ्याला एमटीत गाड्यांची पूजा होते. सगळ्या गाड्या एका ओळीत, शेजारी शेजारी, पुढचे बंपर एका रेषेत. प्रत्येक गाडीला झेंडूचा हार, पुढे रांगोळी, जमिनीवर निरांजन, चाकाखाली लिंबू. कुटुंबं येतात, पोरं येतात. आरती झाली, नारळ फुटला की हुकूम मिळतो आणि सगळी इंजिनं एकदम सुरू होतात. लिंबू चिरडत गाड्या हातभर पुढे सरकतात. सगळे टाळ्या वाजवतात. वर्षानुवर्षं हेच. पेट्रोलच्या गाडीपुढे जमिनीवर उघडा दिवा ठेवून वर तिला स्टार्ट करायचं, ही अक्कल कोणाची, ते कोणी विचारत नाही. देवाच्या नावाखाली सगळं खपतं.

त्या सकाळी क्वार्टर गार्डवरची शस्त्रपूजा उरकून मी एमटीत आलो तेव्हा आरती सुरू झाली होती. ओळीत मधोमध काळी स्टाफ कार उभी होती. आरशावर पाटी नव्हती, हार होता. स्टीअरिंगवर बरकू, इस्त्रीच्या कपड्यांत. मी गर्दीतून पुढे घुसायला लागलो. त्याने मला पाहिलं आणि खुशीत अंगठा दाखवला.

का दाखवला ते नंतर कळलं. पहाटे, बरकू यायच्या आधीच, सुभेदारसाहेबांनी बॅटरी जोडायला लावली, पाटी काढायला लावली आणि बोनेटखाली जे जे काळं असावं असं त्यांना वाटलं ते सगळं काळ्या रंगाने रंगवून घेतलं. नळीसुद्धा. भेगा रंगात बुजल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बरकूने नेहमीप्रमाणे बोनेट उघडलं तेव्हा नळी काळी कुळकुळीत होती, आणि ताज्या रंगाच्या वासात बाकी कुठलाच वास येत नव्हता. पाटी नव्हती. त्याने मान डोलावली असणार आणि बोनेट लावलं असणार.

नारळ फुटला आणि हुकूम सुटला, "स्टार्ट अप!"

मी ओरडलो, "बरकू, बंद कर! इंजिन बंद!"

बाकी इंजिनांच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसेल, पण माझा हात त्याला दिसला. त्याने ताबडतोब चावी फिरवून इंजिन बंद केलं. उशीर झाला होता. पुढच्या चाकाजवळ जमीन ओली दिसत होती. पेट्रोलची वाफ जड असते, वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. ती निरांजनापर्यंत गेली. आवाज फार मोठा झाला नाही. रांगोळीवरून ज्वाळा गाडीखाली गेली आणि बोनेटच्या फटींतून बाहेर आली.

गाडीच्या दोन्ही अंगांना पेट्रोलच्याच गाड्या होत्या. पुढे मेमसाहेब होत्या, बायका होत्या, आणि लिंबू कसं फुटतं ते पाहायला वाकलेली पोरं होती. मागे धुलाईच्या रॅम्पकडे उतार होता.

"कूदो! बरकू, उडी मार!"

बरकूने उडी मारली नाही. गिअर न्यूट्रलला टाकला आणि हँडब्रेक सोडला. गाडी उतारावर मागे सरकू लागली. दार उघडं ठेवून, मान मागे वळवून तो ती सरळ नेत होता, कारण दोन्ही बाजूंना हातभरच जागा होती. रिव्हर्स घेताना तो नेहमी बसायचा तसाच बसला होता. आग डॅशबोर्डखालून त्याच्या पायांवर आली तरी त्याने स्टीअरिंग सोडलं नाही. रॅम्पवर गाडी भिंतीला टेकली तेव्हा तो बाहेर पडला. पडला म्हणजे खरोखरच पडला.

सुभेदारसाहेब ओरडत होते, "पानी! पानी लाओ!" आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पेट्रोलवर पाणी टाकलं की पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पाण्याबरोबर पसरते. रिक्रूटलाही पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी ओरडलो, "पानी नहीं, रेत!" आणि लाल बादल्यांकडे धावलो. बादल्या सुंदर होत्या. इन्स्पेक्शनसाठी वाळूवर चुन्याने नक्षी काढली होती. त्यावर पावसाळा गेला होता आणि वरचा थर दगडासारखा बसला होता. बुटाच्या टाचेने तो फोडावा लागला. आजही कुठे रंगवलेली बादली दिसली की माझी टाच शिवशिवते.

मग वाळू टाकली, घोंगड्या टाकल्या. आग विझली. एकाही पोराला ओरखडा आला नाही.

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मला संध्याकाळी आत सोडलं. बरकूचा चेहरा बरा होता. बाकीचं झाकलेलं होतं. तो शुद्धीवर होता.

"पोरं?"

"सगळी ठीक आहेत."

मग तो म्हणाला, "उस्ताद, नळी तर नवी व्हती ना? मी पाहिली. कशी काय फुटली?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. नाही बोललो.

"नवी नव्हती, बरकू. जुनीच. वर रंग फासला होता. पाटी मी काढली नव्हती."

त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमचा हात चुकला. तेच डोक्यात चाललं व्हतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. भाजलेल्या अंगाने पडून हा माणूस माझ्या हाताची काळजी करत होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. त्याची मला लाज वाटत नाही.

चौकशी झाली. जे पाहिलं ते मी सांगितलं. सुभेदारसाहेबांची बदली झाली, आणि बदलीच्या जागीही त्यांनी सगळं रंगवून काढलं असं ऐकलं. शेवटी समारंभातला अपघात ठरला. अपघात! पावसात वीज पडते तो अपघात. सांगूनसवरून ब्रश फिरवायचा आणि मग हळहळायचं, याला आमच्या गावात वेगळा शब्द आहे, तो छापण्यासारखा नाही.

मी पेन्शनवर आलो आणि नाशकात घर केलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शेजारी भाऊसाहेब राहतात. कांद्याच्या लिलावासाठी लासलगावला जाणं-येणं, जुन्या पेट्रोल गाडीने. एका दसऱ्याला त्यांनी गाडीला हार घातला, पुढे निरांजन मांडलं आणि मला हाक मारली. मी गेलो, पण आधी बोनेट उघडलं.

"अहो फौजी, आधी पूजा होऊ द्या!"

नळीच्या भेगेवर कपड्याचा साबण चोळला होता. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. सगळीकडे ओल.

"हे काय आहे?"

"लय दिवस झाले त्याला. लासलगावला कितीदा जाऊन आलो. काही होत नाय."

"काही होत नाही" हे आपल्या लोकांचं लाडकं वाक्य आहे. होईपर्यंत कधीच काही होत नाही. मी वाकून निरांजन उचललं, लांब ओट्यावर नेऊन विझवलं आणि गाडीची चावी खिशात घातली. भाऊसाहेबांच्या घरच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवच उचलून नेला. ऐन सणाला दिवा विझवणारा माणूस! आत कोणीतरी "मिलिटरीतली माणसं अशीच, डोकं फिरलेली" असं म्हणालं. म्हणू दे. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं मी कधीच सोडून दिलं आहे.

गाडी ढकलून मोकळ्यावर घेतली. सांडलेल्यावर वाळू टाकली. इंजिन पूर्ण गार झाल्यावर साबण, पट्टी, जुनी नळी सगळं काढलं. पेट्रोलसाठीचीच नवी नळी मी घरात नेहमी ठेवतो. ती बसवली, नव्या क्लिपा आवळल्या, सगळं कोरडं पुसलं. मग गाडी चालू करून, अंतर राखून, टॉर्चच्या उजेडात बराच वेळ पाहिलं. थेंब नाही.

"आता करायची का पूजा?" भाऊसाहेबांनी जरा घुश्शातच विचारलं.

"करा. फुलं वाहा. दिवा ओट्यावरच राहू दे."

बरकूचं नाव कोणत्याही स्मारकावर नाही. तो लढाईत मेला नाही, म्हणून ते कोणी वाचत नाही. मी प्रत्येक दसऱ्याला वाचतो, माझ्या पद्धतीने. गाडी बंद करून नळी थंड होऊ दिली आणि पुन्हा एकदा बोटांनी चाचपली. कोरडी होती, मऊ होती, वर रंग नव्हता.

"नवी आहे, बरकू," मी म्हणालो आणि बोनेट लावलं.