शेरा : स्वभाव गोड

कबीरने चड्डीत केली होती. तीन वर्षांचं पोर. त्याचा काही दोष नाही.

खोलीत चाळीस-पन्नास माणसं असतील. बावधनहून, हिंजवडीहून गाड्या घेऊन आलेले आईबाप, त्यांचे पाहुणे, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस. शाळेचा 'गाव-दिवस' होता. मी बाहेर अंगणात चुलीवर भाकऱ्या थापत होते. खिडकीला दारं नव्हती, नुसती बांबूची चौकट. आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

कबीर मधोमध उभा राहून रडत होता. त्याची आई तिथंच होती. ती हसली. "ओह नो, कबीर!" म्हणाली आणि इकडंतिकडं बघायला लागली. कुणाला शोधत होती ते मला कळलं. मलाच. पण माझे हात पिठात होते.

मग शाळा चालवणाऱ्या मोठ्या ताई म्हणाल्या, "श्रावणी, तू ने गं त्याला. तुला जमतं."

श्रावणी माझी मुलगी. नऊ वर्षांची. त्या खोलीत नऊ-दहा वर्षांची आणखी सहा पोरं बसली होती. त्यातल्या एकाचंही नाव ताईंच्या तोंडात आलं नाही.

श्रावणी उठली नाही. तिने खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे. काहीतरी बोल, असं बघितलं.

मी बोलले. "जा गं श्रावणे. धुऊन आण त्याला."

सगळ्यांना ऐकू गेलं. सगळे हसले, प्रेमाने हसतात तसे. श्रावणी उठली, त्या पोराला कडेवर घेतलं. ताई पाहुण्यांकडे वळल्या. "मिश्र वयाच्या वर्गाचं हेच सौंदर्य आहे. मोठी मुलं लहानांची जबाबदारी घेतात. आणि या मुलांमध्ये तर ते उपजतच असतं."

कॅमेरावाल्याने फोटो काढला. माझी पोरगी, कडेवर भरल्या चड्डीचं पोर, मोरीकडे निघालेली.

इकडं माझी भाकरी तव्यावर करपली. ती एका बाईने उचलून खाल्ली. "किती स्मोकी!" म्हणाली.

ही शाळा डोंगराच्या उतारावर आहे. मातीच्या भिंती, वर गवत. आमच्या वाडीत घरकुल मंजूर झालं की माणूस पहिल्यांदा मातीची भिंत पाडतो. यांनी लांबून कारागीर आणून मातीची भिंत बांधून घेतली आणि लोक ती बघायला येतात. शाळा मराठी माध्यमाची. त्याचा त्यांना भारी अभिमान. सुटल्यावर गाडीत बसलं की पोरांशी इंग्रजीत बोलायचं.

मी तिथं मावशी होते. झाडणं, भांडी, लहान पोरांना मोरीत नेणं. पहिल्याच दिवशी मोठ्या ताईंनी सांगितलं, "इथं कुणी सर नाही, मॅडम नाही. सगळे समान." म्हणून शिकवणाऱ्या सगळ्या बायका ताई. मोठ्या ताईंचे केस पांढरे झालेत. मी तिशीची. तरी त्या ताई आणि मी मावशी. माझं नाव काय, हे दोन वर्षांत एका पोराला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही कातकरी. गाव-दिवसाच्या आधी निरोप आला, की वाडीतल्या बायकांनी आपल्या पारंपरिक नऊवारीत यावं. आमच्या बायका कामावर पंजाबी ड्रेस घालतात, घरात गाऊन. जरीची नऊवारी वाडीत एकीकडेही नव्हती. तर ताईंनी पुण्यातून भाड्याने आणल्या. हिरव्या, मोठ्या काठाच्या, शिवून तयार. आत नाडी. पायजम्यासारख्या चढवायच्या. आम्ही पाचजणी त्या चढवून चुलीपुढे बसलो आणि पाहुणे म्हणाले, "अस्सल."

श्रावणी तिथं कशी गेली तेही सांगते. दुसरी झाली होती तिची, वाडीजवळच्या सरकारी शाळेत. मोठ्या ताई स्वतः वाडीत आल्या. माझ्या दारात खाली बसल्या, कोरा चहा घेतला. म्हणाल्या, "तिथं एकच शिक्षक. चार इयत्ता एका खोलीत. पोरं काय शिकणार? नुकसान होतंय तिचं. आमच्याकडे पाठवा. गावातली मुलं आम्हाला हवीच आहेत. समाजाचा सहभाग असल्याशिवाय शाळा पूर्ण होत नाही."

मी भुलले. कोण भुलणार नाही?

पाठवलं. मलाही त्याच वेळी तिथं काम दिलं. बघते तर तिथं तीन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची पोरं एकाच खोलीत. मी विचारलं, "ताई, हितंबी एकच खोली?"

त्या हसल्या. "मावशी, हे वेगळं आहे. ही पद्धत आहे."

आमची पोरं एका खोलीत बसली की नुकसान. त्यांची बसली की पद्धत. हे मला त्याच दिवशी समजायला हवं होतं. मी फडकं घेऊन फरशी पुसायला गेले.

गाव-दिवसाच्या संध्याकाळी आम्ही दोघी चालत घरी निघालो. श्रावणी पुढं, मी मागं. मग मागं न बघता म्हणाली, "कबीरला शी लागली ना, की तो त्याच्या आईला हाक मारत न्हाई. ताईलाबी न्हाई. माझंच नाव घेतोय."

मी म्हटलं, "जीव लागलाय त्याचा तुझ्यावर."

असं म्हटलं मी. तेव्हाही.

पुढच्या महिन्यात त्या मातीच्या भिंतीला वाळवी लागली. वाळवी कपाटात शिरली. ताई म्हणाल्या, "मावशी, सगळ्या वह्या उन्हात टाका जरा." प्रत्येक मुलाची एक निरीक्षण वही होती. मूल काय शिकलं, कुठं अडलं, ते ताई त्यात लिहायच्या. मी अंगणात चटई घालून वह्या उघड्या करून ठेवल्या.

मी सातवी शिकले आहे, आश्रमशाळेत. ताईंना हे माहीत नसावं. नाहीतर त्यांनी मला वह्या हाताळायला दिल्या नसत्या.

इरा नावाची मुलगी आहे, श्रावणीच्याच वयाची. तिच्या वहीत पानंच्या पानं. 'अपूर्णांकांची तुलना करते. छेद वेगळे असले की गोंधळते, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेणे. स्वतःची गोष्ट लिहिते. संवाद लिहिताना अडखळते, त्यासाठी पुस्तकं काढून ठेवली आहेत.'

मग श्रावणीची वही. दोन वर्षांची मिळून तीन पानं.

'लहान मुलांना छान सांभाळते. भाजी निवडायला आवडते. स्वभाव गोड.'

'कबीर तिच्यापाशी शांत राहतो. स्वभाव गोड.'

'आईला मदत करते. स्वभाव गोड.'

मी पानं उलटून बघितली. पुन्हा उलटून बघितली. वाचन नाही. गणित नाही. कुठं अडली ते नाही, कारण कुणी तिला अडेल असं काही दिलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी तिला पाटीवर गणित घातलं. शहाण्णव भागिले चार. ती पाटी भरून बारीक बारीक रेघा मारायला लागली. साठच्या पुढं कुठंतरी मोजताना चुकली. पुसून परत पहिल्यापासून. परत चुकली. तिसऱ्यांदा तिने पाटी लांब सरकवली आणि म्हणाली, "मी भांडी घासू का?"

मी नको म्हटलं. पहिल्यांदा नको म्हटलं.

महिन्यातून एका शनिवारी तिथं पालकांचं वर्तुळ भरतं. सगळे आईबाप चटईवर गोल बसतात आणि मन मोकळं करतात. मीही पालकच. पण दोन वर्षांत त्या वर्तुळात मी फक्त चहाचा ट्रे घेऊन शिरले होते. त्या शनिवारी मी ट्रे घेतला नाही. दोन वह्या घेतल्या आणि इराच्या आईशेजारी जागा होती तिथं बसले.

मोठ्या ताई म्हणाल्या, "मावशी, चहा झाला की या ना बसायला."

"चहा केला न्हाई. मी पालक म्हणून आले."

मी वह्या उघडल्या आणि वाचायला लागले. आधी इराची. दोनच ओळी वाचल्या तर इराची आई म्हणाली, "हे प्रायव्हेट आहे ना पण?"

"व्हय, तुमचं हाय. हे माझं ऐका."

मग श्रावणीची वाचली. तीन पानं, वाचायला किती वेळ लागणार? वाचून झाल्यावर मी विचारलं, "माझ्या पोरीला भागाकार कवा शिकवणार?"

मोठ्या ताईंनी डोळे मिटून श्वास घेतला. मग अगदी हळू बोलल्या. आजाऱ्याशी बोलतात तसं. "आम्ही कुणावर काही लादत नाही. प्रत्येक मूल आपल्या वेगानं शिकतं. श्रावणीचा कल सेवेकडे आहे, आणि ते फार सुंदर आहे."

"नऊ वर्षाच्या पोरीचा कल शी धुण्याकडं?"

एक बाप होता, कंपनीतला. तो मध्ये पडला. "बाई, दुसरी बाजू पण बघा ना. तिला इथं केवढं एक्स्पोजर मिळतंय. तेही फी न भरता."

"तुमच्या पोरालाबी देऊ की मंग. सोमवारपास्नं कबीरला तुमचा मुलगा धुईल. ताई, लिहा वहीत."

तो चटईकडे बघायला लागला. कबीरची आई मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. कुणाच्या चेहऱ्यावर लाज दिसेल म्हणून मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. लाज नव्हती. अवघडलेपण होतं. आपल्या घरातल्या कामवालीने पाहुण्यांसमोर आवाज चढवला की होतं, तेवढंच.

ताई म्हणाल्या, "तुम्ही चिडला आहात, मावशी. खरं तर आम्हीच तुमच्याकडून शिकतोय. निसर्ग तुमच्या रक्तात आहे."

"माझ्या रक्तात काय हाय ते दवाखान्यातली नर्स सांगते. रक्तच कमी हाय, म्हणते. आन् मला मावशी म्हणू नका. तुमी माझ्या आईच्या वयाच्या हायसा."

वह्या चटईवर ठेवल्या. उठले. श्रावणी मागच्या अंगणात कबीरला झोका देत होती. तिचा हात धरला आणि निघाले. मागून कुणी हाक मारली नाही. मारली असती तर कोणत्या नावाने मारली असती?

घरी कुणी माझी आरती ओवाळली नाही. नवरा एका बंगल्यावर माळी आहे. तो म्हणाला, "चांगली शाळा, चांगलं काम, दोन्ही घालवलंस तुझ्या तोंडापायी." सासू दोन दिवस बोलली नाही. आणि श्रावणी रडली. तिला तो झोका हवा होता, चित्रांची पुस्तकं हवी होती. मी समजावलं, ताईंनी तुला मोलकरीण केलं व्हतं. तर डोळे पुसून माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "ताईंनी नुसतं 'ने' म्हटलं व्हतं. 'धू' तूच म्हणालीस."

त्यांनी मला जे करायला लावलं त्याचा राग आहेच. पण 'धू' हे त्यांनी सांगायच्या आधी मीच म्हटलं, त्याची घाण त्यांच्या अंगावर टाकून मला मोकळं होता येत नाही.

श्रावणीला परत सरकारी शाळेत घातलं. चौथीत. चौदा पोरं, चार इयत्ता, एक खोली, एक गुरुजी. ती शाळा फार थोर आहे असं मी म्हणणार नाही. गुरुजी सकाळभर मोबाइलवर कसलीकसली माहिती भरत बसतात आणि पहिलीची पोरं पाटीचा कोपरा चावत बसतात. गुरुजींना शाळा व्यवस्थापन समितीत एक आदिवासी बाई हवी होती. कागदावर. मला घेतलं.

पहिल्या बैठकीला गेले तर रजिस्टर आधीच लिहून तयार. सगळ्यांच्या सह्या झालेल्या. माझी जागा तेवढी रिकामी. गुरुजींनी बोट ठेवलं. "इथं सही करा."

मी वाचलं. 'विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर सविस्तर चर्चा झाली.'

"कवा झाली चर्चा, गुरुजी?"

"अहो बाई, ते लिहावं लागतं."

समितीचे अध्यक्ष गावातले बागायतदार. ते म्हणाले, "कर ना बाई सही. आम्हाला काय तेवढंच काम हाय का? तुला काय कळतंय त्यातलं?"

मी पेनाला टोपण लावलं. "चर्चा करू. मंग सही."

अध्यक्ष उठून गेले. मी, माझ्यासोबत आलेली शेजारची सुमन आणि गुरुजी, एवढेच राहिलो. एकेका पोराला उभं केलं, पुस्तक दिलं, वाच म्हटलं. चौदापैकी पाच वाचू शकली. श्रावणी अडखळत अडखळत एक ओळ वाचून थांबली. तीच ओळ दुसरीतल्या मुलीने धडाधड वाचली. श्रावणी खाली बघत बसली. मी तिला उठून जवळ घेतलं नाही. बघू दे तिला. मीही बघत होते.

गुरुजी म्हणाले, "मी एकटा काय काय करू?"

खरं होतं. मी म्हटलं, "मंग तेच लिहा. एकट्याला जमत न्हाई, दुसरा शिक्षक पायजे, असं लिहा. आन् तोवर सकाळचं मी आन् सुमन येऊन बसतो पहिली-दुसरीपाशी. सुमन धावी पास हाय. आमी झाडायला येणार न्हाई, पोरं पुसायला येणार न्हाई. वाचून घ्यायला येणार."

"नियमात बसत नाही ते."

"तेबी लिहा."

त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं. मग मी सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

आता आम्ही दोघी रोज जातो. अध्यक्ष गावात सांगत फिरतात, कातकरणी शाळा चालवायला लागल्या. चालवतो. मार्चपर्यंत मला चौदाच्या चौदा पोरं वाचताना ऐकायची आहेत, माझी धरून. एक जरी पोर न वाचता पुढच्या वर्गात ढकललं, तर त्या रजिस्टरवर माझी सही होणार नाही. गुरुजी बदलून गेले तरी नाही. वरून साहेब आला, अध्यक्षाने दारात येऊन दम दिला, तरी नाही. माझी जागा कोरी राहील. कोरी का, असं ज्याला विचारायचं असेल त्याने शाळेत यावं. सकाळी मी तिथंच असते.