पोरीआधी आलेली पिशवी

आमच्या गावची गाडी मुक्कामी होती. संध्याकाळी नगरहून यायची, रात्री देवळापुढच्या पटांगणात उभी राहायची आणि उजाडताना परत नगरला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरची जेवणं गावातल्या घरांनी आपसात वाटून घेतली होती. त्यामुळे एसटी सरकारची असली तरी गावाला ती आपलीच वाटायची. एकाहत्तरच्या जूनमध्ये मी तिच्यात बसून घर सोडलं, त्या दिवशी ती माझ्यासाठी बराच वेळ खोळंबली होती. आई अजून घरात भाकरी बांधत होती आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, एक पाय जमिनीवर आणि एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवून उभे होते. गाडी थांबवायची आमच्याकडे हीच रीत. पायरीवर माणसाचा पाय दिसला की कंडक्टर घंटी मारत नसे.

भानुदास कंडक्टर तंबाखू मळत म्हणाला, "आप्पा, पोरगी कालेजात धाडताय का सासरी?"

"सासरी धाडायची तर बैलगाडी जुंपली असती," आप्पा म्हणाले. "ह्ये लई लांबचं काम हाय."

लांबचं म्हणजे फार लांब नव्हे. शेवगावच्या पुढचं आमचं कोरडवाहू गाव, आणि मनमाड रस्त्यावर राहुरीजवळ निघालेलं नवं कृषी विद्यापीठ, दोन्ही एकाच जिल्ह्यात. पण आमच्या घरातली बाई तोवर माहेर आणि सासर सोडून तिसऱ्या गावी राहायला गेली नव्हती. शिवाय मी शिकणार होते शेती, याची गावाला भारी गंमत. खुरपं धरायला पोरगी कॉलेजात चालली, असं म्हणून बायका पदराआड हसायच्या. आप्पांनी मला गाडीत बसताना एकच गोष्ट बजावली, "दिवेलागनीच्या आत मावशीच्या घरात. ह्यात एक दिस जरी खाडा झाला, तर शिक्षान बास."

मावशी नगरला राहायची. तिच्याकडे राहून रोज विद्यापीठात जायचं ठरलं होतं. सकाळी मी माळीवाड्याच्या स्टँडवर जायची तेव्हा आमची गावाकडची गाडी येऊन लागलेली असायची. भानुदास खिडकीतून आईचा डबा माझ्या हातात द्यायचा, मी कालचा घासून आणलेला डबा त्याच्या हातात द्यायची. आईचा दंडक होता की डबा रिकामा परत द्यायचा नाही. मग मी त्यात कधी चिमूटभर साखर, कधी मावशीकडचा लाडू, कधी विद्यापीठातल्या बागेतला पेरू घालून पाठवायची. डब्याबरोबर तोंडी निरोप जायचे यायचे. भानुदासला सांगितलेला निरोप म्हणजे अख्ख्या गाडीला सांगितलेला, आणि गाडीला सांगितलेला म्हणजे गावाला. त्यामुळे मला सर्दी झालेली आईच्या आधी शेजारणीला कळायची.

मग मनमाड रस्त्याची गाडी धरायची. विळद घाट उतरला की खिडकीतून ऊस दिसायला लागे. आमच्याकडे हिरवं म्हणजे चार महिने, तेही पावसाच्या मर्जीनं. इथं पाटाचं पाणी. फाटकाशी उतरलं की विद्यापीठाची निळी गाडी उभी असे. ती आम्हा पोरापोरींना घेऊन वर्गांपाशी, तिथून रोपवाटिकेला, तिथून लांबच्या शेतांवर फिरायची. त्या गाडीत मी पहिल्यांदा अनोळखी मुलाच्या शेजारच्या बाकावर बसले आणि जग बुडालं नाही. खरं सांगते, मला ते सगळं फार आवडायचं. घरची आठवण यायची, रडूही यायचं, पण परत जावंसं एकदाही वाटलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. गव्हाला पाणी द्यायचं प्रात्यक्षिक लांबलं. निळी गाडी फाटकाकडे निघाली तेव्हा माझं पाणी शेवटच्या सऱ्यांत पोचायचं होतं. संगमनेरची कुसुम माझ्याच वर्गात होती आणि मावशीच्याच गल्लीत खोली घेऊन राहायची. तिच्याजवळ मी माझी पिशवी दिली आणि म्हटलं, एसटीत बाकावर ठेव, मी आलेच. आमच्या गावात बाकावर पिशवी असली की माणूस असल्यासारखंच. पिशवीचा मालक आल्याशिवाय गाडी हलत नसे. हाच हिशेब मी मनमाड रस्त्याला लावला.

मी बांधाबांधानं पळत फाटकाशी आले तर रस्ता मोकळा. कुसुमनं पुष्कळ विनवलं म्हणे, पण कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली आणि गाडी पिशवीसकट गेली. पुढच्या गाड्या भरून वाहत होत्या, त्या थांबणं शक्यच नव्हतं. शेवटी कोल्हारकडून आलेल्या एका गाडीत उभ्यानं जागा मिळाली. मी मावशीच्या दारात पोचले तेव्हा दिवे केव्हाच लागले होते.

पण त्याआधीच घोळ होऊन बसला होता. कुसुमनं पिशवी घरी आणून दिली. पोरीआधी पोरीची पिशवी आली म्हटल्यावर मावशीनं हंबरडाच फोडला. मावशीचे यजमान, आमचे काका, भित्रे आणि सरळ. ते तडक स्टँडवर धावले. आमच्या गावची गाडी सुटत होती. त्यांनी खिडकीतून भानुदासला सांगितलं, सुमन घरी आली नाही, तिची नुसती पिशवी आलीय. गाडी गेली, काका परतले, आणि पाठोपाठ मी उगवले. मी आले हा निरोप न्यायला आता दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत काहीच नव्हतं. फोन गावात कुणाकडे नव्हता. माझ्या आईबापांची ती रात्र कशी गेली असेल, हे मला माझ्या मुलीच्या वेळी समजलं.

सकाळी मी स्टँडवर गेले. गाडी लागली. खिडकीतून डबा आला नाही. दारातून आप्पा उतरले, टोपी हातात, डोळे लाल. मला बघून ते तिथंच पायरीवर बसले. मागची माणसं उतरायची थांबली.

"हायेस व्हय," एवढंच म्हणाले. मग तोंडावरून टोपी फिरवली आणि म्हणाले, "चल. ट्रंक आन तुझी. बास झालं."

मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण ट्रंकेचा हट्ट सोडला नाही. गावात काय काय बोलणं झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मात्र आमची गाडी परत सुटायची थेट संध्याकाळी. दिवस कुठंतरी काढायचाच होता. मी म्हटलं, मग आजचा शेवटचा दिवस तरी करू द्या. ते म्हणाले, चल, बघू तरी कुठं जातीस रोज.

आप्पा माझ्याबरोबर घाट उतरले, निळ्या गाडीत बसले, शेतांवर फिरले. ज्वारीच्या वाफ्यांपाशी आमचे सर त्यांच्याशी चांगले तासभर बोलत बसले. आमच्याकडची ज्वारी खोडकिड्यानं जाते ती का, हे आप्पा विचारत होते आणि दोघंही उकिडवे बसून ज्वारीचं एकच ताट चिरून बघत होते. मी लांबून बघत होते. हे सगळं उद्यापासून माझं नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा तीच गत. कालचं राहिलेलं पाणी पुरं करायचं होतं. आप्पा म्हणाले, तू ये मागनं, मी फाटकावर गाडी बघतो. मी धावत गेले तेव्हा रस्त्यावर एसटी उभी, इंजिन चालू, सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. आणि दारात आप्पा, एक पाय जमिनीवर, एक पाय पायरीवर.

"सोडा पाय, मामा," कंडक्टर म्हणत होता.

"माझी लेक येतीया."

"अहो, रोज कोण धरणार हितं गाडी तिच्यासाठी?"

आप्पांनी पाय काढला नाही. मी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आत चढले, मग ते चढले. गाडीत कुणी हसलं, कुणी सरकून जागा दिली. घाट लागला तशी आप्पांनी माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं.

"काल अशीच ऱ्हायलीस व्हय मागं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आप्पा."

आप्पा म्हणाले, "म्हंजी तुझी न्हाई चूक. ह्या गाड्यांलाच दम न्हाई."

नगरला उतरलो. आमची गाडी समोरच लागली होती. मी विचारलं, ट्रंक घेऊन येऊ का? आप्पा गाडीत जाऊन खिडकीशी बसले. गाडीत निम्मं गाव होतं. काल निरोप ऐकलेली तीच माणसं. भानुदास दारातून मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, सुमीला न्यायची हुती ना? कुठंय तिचं सामान?"

सगळी गाडी ऐकायला थांबली.

"तिचं उद्या कालेज हाय," आप्पा तितक्याच मोठ्यानं म्हणाले. "गव्हाचं पानी अर्धं टाकून येती का कुनी? तू डबा तेवढा नीट नेत जा."

मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "कालचा डबा दे. उद्या-परवा भाकरी कशात घालंल तुझी आई?"

"रिकामाच हाय, आप्पा."

"ऱ्हाऊ दे आजच्या दिस."

त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी डबा आला, त्यात नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त. पुढं मुलींच्या राहण्याची सोय विद्यापीठातच झाली, मग मला तिथंच नोकरी लागली, लग्न झालं, आणि आता कितीतरी वर्षं पुण्यात आहे. मनमाड रस्ता रुंद झाला. गावच्या पटांगणात मुक्कामाला गाडी येत नाही, मोटारसायकली आहेत. आप्पा नाहीत, आई नाही. जे गावातच राहिले त्यांना वाटतं आम्ही सुटलो, आणि आमच्यासारख्या गेलेल्यांना वाटतं घर तिकडंच राहिलं. मला तसं वाटत नाही. मी सुखात आहे, आणि माझं घर माझ्याबरोबर पुष्कळ फिरलंय.

माझी मुलगी बंगलोरला असते. सुट्टी संपवून ती निघाली की मी खाली गाडीपर्यंत जाते आणि दार धरून उभी राहते. ती म्हणते, "आई, सोड ना आता, उशीर होतोय." सोडते मी. पण त्याआधी गेल्या वेळचा डबा परत आणलास का, ते विचारून घेते.