बिशपांच्या फोटोतली बाई

डेट्रॉइटच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर ऑर्डेला पिंकनीला नावानं ओळखणारे थोडे. फोटोवरून सगळेच ओळखायचे. एकोणीसशे एकोणपन्नासच्या ईस्टरनंतर तो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून आला होता. मधोमध बिशप ग्रँडिसन, पांढऱ्या केसाळ काठाचा झगा, बोटाबोटांत अंगठ्या, तळहात ऑर्डेलाच्या कपाळावर. मागे दोन सेवेकऱ्यांनी तिच्या कुबड्या उंच धरलेल्या. ऑर्डेला ताठ उभी, डोळे मिटलेले.

ती खरंच उभी राहिली होती. दारापर्यंत चाललीही होती. लहानपणापासूनचं कमरेचं दुखणं त्या दुपारी कुठे गेलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. बिशप आत आले की अंथरुणाला खिळलेली माणसंसुद्धा मान वर करायची, असा त्यांचा दरारा. पण आठवडा सरायच्या आत दुखणं परतलं. कुबड्या तोवर चर्चच्या भिंतीवर टांगल्या गेल्या होत्या. त्या मागणं म्हणजे भर सभेत बिशपांना खोटं पाडणं.

मग तिनं एक जुनी बाबागाडी पैदा केली. लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला जाताना ती तीत कपड्यांचं गाठोडं टाकायची आणि दांड्यावर सगळा भार देऊन चालायची. बाबागाडीला कुबडी कोण म्हणणार?

"सिस्टर, बाळाचं तोंड कधी दाखवणार?" न्हाव्याच्या दुकानाबाहेरचे टवाळ चर्चमधल्या बायांसारखी 'सिस्टर' अशी हाक मारून विचारत.

"तुमच्या वळणावर गेलंय मेलं. झाकलेलंच बरं," पन्नाशीची ऑर्डेला म्हणे आणि पुढे सरके.

असं वर्ष निघत आलं. फेब्रुवारीत एका दुपारी वरच्या मजल्यावरची व्हर्लीन टेट तिच्या स्वयंपाकघरात आली. हातात त्याच फोटोचं कात्रण. व्हर्लीनच्या नऊ वर्षांच्या नादीनला साखरेचा आजार होता. रोज इन्सुलिनची सुई टोचावी लागे.

"रविवारी पोरीला पुढे आण, म्हणालेत बिशप. पण सुई आणि श्रद्धा एका घरात नांदत नाहीत, असंही म्हणाले. उद्यापासून सुई बंद."

"क्लेटसला विचारलंस?"

"नवऱ्याला कशाला विचारू? तो चर्चची पायरी तरी चढतो का? सिस्टर, तू एकदा चालून दाखव मला. तेवढं बघितलं की माझी धडधड थांबेल."

शेगडीवर चवळी रटरटत होती. टेबलाच्या कडेला हात लावून ऑर्डेलाला खिडकीपर्यंत जाता आलं असतं. व्हर्लीनचं तेवढ्यानं भागलं असतं. ऑर्डेला उठली आणि तिनं टेबल सोडलं. दुसऱ्याच पावलाला कंबर गेली आणि ती फरशीवर कोसळली.

व्हर्लीननं काखेत हात घालून तिला खुर्चीवर बसवलं.

"बघितलंस?" ऑर्डेला धापा टाकत म्हणाली. "त्या दिवसापुरतीच चालले मी. सुई बंद करू नकोस, बाई. पोर जाईल."

व्हर्लीननं कात्रणाची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं.

"तुझी श्रद्धा कमी पडली, सिस्टर." आवाजात राग नव्हता, कीव होती. "माझी नाही पडायची."

ती वर गेली. ऑर्डेला जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसली आणि मोटार कारखान्यातून क्लेटस परत येईपर्यंत तिथंच बसून राहिली.

"काय मावशी, वाट अडवून बसलात? जकात घेणार की काय?"

"क्लेटस, उद्यापासून पोरीची सुई तुझ्या हातानं टोच. व्हर्लीन देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो नादीनला आणि सुयांच्या डबीला घेऊन टोलेडोला आपल्या आईकडे गेला. पोर तिथंच वाढली. तोही परत आला नाही.

रविवारी बिशपांनी व्यासपीठावरून एका सिस्टरचं नाव न घेता सांगितलं, की देवानं दिलेलं वरदान तिनं सैतानाला देऊन टाकलं. ऑर्डेलाच्या बाकावर बसलेल्या बायका एकेक करून उठल्या आणि पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

इमारत रस्त्यासाठी पाडेपर्यंत त्या दोघी एकाच जिन्यानं ये-जा करत होत्या. ऑर्डेला कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली, की व्हर्लीन भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि ती खाली पोचेपर्यंत तिच्यावरून नजर हलवायची नाही. बोलली मात्र कधीच नाही.