सरकारभाऊंचा दवाखाना

हातपंप बिघडो, रानडुकरं धान लोळवोत, नाहीतर शाळेवरचे कवेलू वाऱ्याने उडोत, सरकारभाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं. "घाबरता कायले? सरकार आहे ना!" हे वाक्य ते असं म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, सरकार म्हणजे त्यांचा थोरला भाऊ आहे आणि तो आत्ताच बाजाराला गेलाय, येईल एवढ्यात. त्यांचं खरं नाव सदाशिव. पण ते फक्त मतदार यादीत आणि त्यांच्या बहिणीच्या तोंडी उरलं होतं. बाकी सगळ्या गावाला ते सरकारभाऊ. एकदा पावसात सायकल घसरून ते पडले, तेव्हा पानठेल्यावर बसलेल्या पोरांनी ओरडून सांगितलं, "सरकार पडलं!" भाऊ चिखल झटकत उठले आणि म्हणाले, "पडलं तं काय झालं? दुसरं येते. देश बंद पडते का?"

आमचं गाव केशोरीच्या बाजारापासून आत, जंगलाला लागून. बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक. त्या सकाळच्या बसने सरकारभाऊ गावाची कामं घेऊन तालुक्याला जात. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, खिशात पेन. संध्याकाळी परतले की बसमधून उतरतानाच त्यांचा चेहरा उजळलेला असे. "झालं का काम?" कुणीतरी मुद्दाम विचारी. "झालंच समजा. साहेबानं उद्या बोलावलं." दुसऱ्या दिवशी साहेब नसत. तरी भाऊ रागावत नसत. "मोठ्या मानसाले हजार कामं असतात गा. येतो म्हटलं त्यानं, म्हनजे येईल." दिलेला शब्द पाळला जातो, यावर त्यांचा विश्वास होता. स्वतः ते पाळत, म्हणून जगही पाळत असणार, इतका साधा हिशोब.

हा भाबडेपणा होता, हे मी कबूल करते. पण त्यामागे एक विचारही होता आणि तो त्यांच्या घरातून आला होता. ते कोहळी, तलाव बांधणाऱ्या जातीतले. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. त्या तलावाच्या पाळीवर बसून ते मला एकदा म्हणाले होते, "एकट्यानं तलाव होते का, बाई? नाई होत. गाव लागते. अन् जे एका गावानं होत नाई, त्याले सरकार लागते. सरकार म्हनजे काय, लय मोठं गाव." नागरिकशास्त्राचं पुस्तक मी शाळेत दरवर्षी शिकवते, पण एवढ्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलेलं नाही.

त्यांची बायको दुर्पताबाई. मी त्यांना काकू म्हणत असे. त्या उंच, काटक आणि तोंडाने फटकळ. नवऱ्याच्या सरकारभक्तीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. भाऊ टोपी घालून निघाले की अंगणातून आवाज येई, "चालले, सासरवाडीले चालले! त्या सरकारनं कधी एक गिलास पानी विचारलं का तुमाले?" भाऊ हसत निघून जात. पण संध्याकाळची बस यायच्या वेळेला काकू बरोबर दारात उभ्या असत. काकूंचं पाणी मात्र तयार असे.

निवडणूक आली की या घराचं लग्नघर होई. मशीन घेऊन येणारे कर्मचारी शाळेत उतरत आणि त्यांच्या जेवणाची जबाबदारी भाऊंनी आपण होऊन अंगावर घेतलेली. भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. काकू चुलीपुढे बसून बडबडत आणि बडबडतच मोठ्या गंजात भात टाकत. मतदानाच्या दिवशी भाऊ म्हाताऱ्या बायांना हात धरून शाळेपर्यंत नेत. कुणाला द्यायचं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. स्वतः कुणाला दिलं तेही नाही. निकाल लागला की म्हणत, "निवडून आला तो आपला."

गावाला आरोग्य केंद्र मंजूर झालं तेव्हा जागेवरून अडलं. सरकारी जागा होती ती नाल्याकडे, पाणी भरणारी. भाऊंनी रस्त्यालगतची आपली बांधी देऊन टाकली. पाण्याखालची, चांगल्या धानाची. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. इमारत झाली, पिवळा रंग लागला, मोठे नेते आले, फीत कापली गेली. भिंतीतल्या दगडावर सगळ्यांची नावं होती, फक्त भाऊंचं नव्हतं. माझ्या बाबांनी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं. भाऊ म्हणाले, "दगडावर मेलेल्याचं नाव कोरतात गा. मी तं जित्ता आहो." पुढे महिनाभर, जो भेटेल त्याला ते सांगत होते, "आता आपला दवाखाना आहे."

दवाखान्यात डॉक्टर आले, थोडे महिने राहिले, मग त्यांना दुसरीकडे काम दिलं गेलं. नेमणूक इथली, बसणं तिथलं. नर्सबाई आठवड्यातून केव्हातरी दिसत. उरला एक शिपाई आणि ओसरीत दुपारी विसावणाऱ्या शेळ्या. लोक हसू लागले. भाऊ तालुक्याला खेपा घालत होते आणि दर खेपेला कुणीतरी त्यांना "लवकरच" म्हणत होतं. ते तो शब्द जपून गावात आणत.

रोवण्याचे दिवस होते. मी रविवार धरून माहेरी आले होते. आमची आणि भाऊंची शेती एकाच धुऱ्याला, बांधाला लागून. बाया लावणीसाठी धानाचे पऱ्हे उपटत होत्या, गाणी चालली होती. काकू धुऱ्यावरून पेंढी घेऊन येत होत्या आणि अचानक "आई वो!" करून खाली बसल्या. गवतातून डोम्या नाग सरकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. घोट्याच्या वर दोन टिपके होते.

सगळे धावले. एक म्हातारा म्हणाला, पुजाऱ्याकडे न्या, उतरवून देतो. भाऊ त्याच्यावर कडाडले, "मंत्रानं वीष उतरते का? दवाखान्यात न्यायचं." हे त्यांनी योग्यच केलं. शेजारच्या शेतात पिकअप गाडी उभी होती. गाडीवाला म्हणाला, "भाऊ, सरळ मोठ्या दवाखान्यात जाऊ. इथं कोनी भेटत नाई." माझे बाबाही तेच म्हणाले. भाऊ म्हणाले, "आपला दवाखाना रस्त्यातच आहे. इंजेक्शन तिथं असते. मले साहेबानं स्वतः सांगितलं आहे."

गाडी आरोग्य केंद्रापुढे थांबली. दाराला कुलूप नव्हतं, एवढंच. शिपाई एकटा होता. त्याने घाबरून फोन लावला आणि फोन भाऊंच्या हातात दिला. पलीकडचा माणूस काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण भाऊंनी मोठ्याने आम्हाला सांगितलं, "डाक्टर येऊन राहिले. निघाले म्हनतात. बसवून ठेवा म्हनाले." गाडीवाला चिडला. "भाऊ, चला ना!" भाऊंनी काकूंकडे पाहिलं. काकू बाकावर माझ्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. अजून बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी म्हनता तं थांबू."

आम्ही थांबलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. नंतर कुणी थोडा म्हणालं, कुणी पुष्कळ. मला एवढंच आठवतं, की काकूंच्या पापण्या हळूहळू जड होत गेल्या आणि त्या बोलायला लागल्या की शब्द ओठातच चिकटत. भाऊ रस्त्यात जाऊन उभे राहत, धूळ दिसते का बघत, परत येत. "येते. येऊन राहिली गाडी." शेवटी माझ्या बाबांनी कुणाला न विचारता काकूंना उचललं आणि पिकअपमध्ये ठेवलं. काकूंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भाऊ त्यांचे पाय धरून बसले होते. मोठा दवाखाना यायच्या बऱ्याच आधी मला कळलं होतं. भाऊ पूर्ण रस्ताभर गाडीवाल्याला सांगत होते, "हळू चालव गा, तिले हिसका बसते."

तेराव्याच्या आत नेते येऊन गेले. सोबत माणसं, मोबाईल, हार. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चौकशी लावतो. कुणालाही सोडणार नाही." भाऊ म्हणाले, "साहेब, चौकशी नोका लावू. दवाखाना चालू ठेवा." नेत्यांनी मान हलवली, फोटो निघाला आणि गाड्या गेल्या. चौकशी लागली नाही. दवाखानाही चालू झाला नाही.

त्यानंतर भाऊ पानठेल्यावर यायचे, पण बोलायचे नाहीत. त्यांची ती "सरकार आहे ना" ही ओळ आम्ही पुन्हा ऐकली नाही. पूर्वी त्यांची थट्टा करणारी माणसं आता वेगळ्या मिषाने त्यांना टोकत. "आता तरी म्हना ना भाऊ, सारे चोर आहेत!" त्यांना भाऊंच्या तोंडून ते हवं होतं. भाऊ एकदाच उत्तर देताना मी ऐकलं. "चोर म्हटलं तं तुमाले बरं वाटन. पुढं काय?"

मग निवडणूक आली आणि गावाने मतदानावर बहिष्कार टाकायचं ठरवलं. दवाखाना नाही तर मत नाही. ग्रामसभेत सगळ्यांच्या नजरा भाऊंवर होत्या. ते उठले आणि एवढंच म्हणाले, "मी आडवा येत नाई. पन येनाऱ्याचं पानी बंद करू नोका." काही तरुणांना ते आवडलं नाही. मतदानाच्या कर्मचाऱ्यांना पाणीही द्यायचं नाही, असंच शेवटी ठरलं.

मतदानाच्या सकाळी मी गावातच होते. शाळेत कर्मचारी मशीन मांडून बसले आणि गाव आपापल्या अंगणात बसून राहिलं. उन्हं चढली तेव्हा तालुक्याचे एक अधिकारी भाऊंच्या घरी आले. मी तिथे भाऊंना डबा द्यायला गेले होते. अधिकारी खाटेवर टेकले आणि हात जोडून म्हणाले, "बाबाजी, तुमच्या शब्दावर सगळं गाव बाहेर येईल. तुम्ही फक्त एकदा म्हणा."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "माझ्या शब्दावर एक बाई थांबली होती, साहेब."

अधिकाऱ्यांना काही समजलं नसावं. ते माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं. ते उठले, निघताना त्यांनी चपला उलट्या घातल्या आणि अंगणात थांबून पुन्हा सरळ केल्या.

दुपारी भाऊंनी चूल पेटवली. भात त्यांना नीट जमत नसे, करपला. डाळ मी केली. गंज कापडात बांधून ते एकटेच शाळेकडे निघाले, तेव्हा अंगणाअंगणांतून लोक पाहत होते. कुणी अडवलं नाही. मी मागोमाग पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन गेले. वर्गात मतदानाच्या कामावर आलेली एक तरुण शिक्षिका होती, चेहरा उतरलेला. ती आधी पाणी प्यायली, मग खाली मान घालून जेवली. हात धुतल्यावर हळूच म्हणाली, "काका, तुमचं मत?"

"जेवल्या ना? झालं मंग," भाऊ म्हणाले. रिकामा गंज उचलला आणि मशीनकडे न बघता बाहेर पडले. नक्षली भाग म्हणून आमच्याकडे तीन वाजताच मतदान संपतं. त्या दिवशी आमच्या शाळेत एकही बटण दाबलं गेलं नाही.

बहिष्काराची बातमी पेपरात आली आणि मग मात्र एक डॉक्टरीणबाई रुजू झाल्या. वयाने लहान, कामाला बऱ्या. पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा ओसरीतल्या बाकावर भाऊ बसलेले. "बाबाजी, काय होतंय?" "काई नाई. तुमी काम करा." दुसऱ्या दिवशीही तेच. भाऊ रोज सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन बसत आणि बंद झाल्यावर उठत. डॉक्टरीणबाईंना आधी राग आला, मग सवय झाली. त्या रजेवर गेल्या आणि बदली डॉक्टर आले नाहीत, की भाऊ शिपायाला फोन लावायला लावत. "येतो" असं उत्तर आलं तर म्हणत, "कुठवर आले, ते विचार."

पुढच्या रोवण्यात एका बाईला साप चावला. तिला इंजेक्शन मिळालं आणि ती वाचली. पानठेल्यावर पेढे वाटले गेले. कुणीतरी भाऊंच्या हातावरही पेढा ठेवला. तो तसाच मुठीत घेऊन ते घरी गेले. संध्याकाळी बाबा बघायला गेले, तर भाऊ अंधार करून बसलेले. म्हणाले, "वाचली, चांगलं झालं. तिचं लेकरू लहान आहे." मग मूठ उघडून पेढ्याकडे बघत, "आमचीले काऊन नाई, गा?" बाबांनी दिवा लावला आणि जवळ बसून राहिले.

मी त्यांना विचारलं होतं एकदा, त्याच बाकावर. "भाऊ, आता तर दवाखाना चालतो. आता बसला का विश्वास?"

"नाई बसत, बाई," ते म्हणाले. "म्हनून तं मी बसतो."

डोळे गेले तेव्हा दवनीवाड्याला दिलेली त्यांची मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. तिथेच ते गेले. डॉक्टरीणबाईंचीही बदली झाली आहे. गेल्या महिन्यात बाबांचा रक्तदाब तपासून घ्यायला मी आरोग्य केंद्रात गेले. दार बंद होतं. शिपाई म्हणाला, नवे डॉक्टर निघालेत, येऊन राहिले. बाबांना मी घरी पाठवलं आणि बाकावर टेकले. थोड्या वेळाने शेतावर निघालेल्या दोन बाया रस्त्यात थांबल्या. त्यांना काही दुखत-खुपत नव्हतं. एकीने विळा भिंतीला टेकवून ठेवला, दुसरीने मला म्हटलं, "थोडी सरक, वो," आणि त्या माझ्या शेजारी बसल्या.