माझी टाच आणि सासऱ्यांची चार बोटं

दिवाळसणाला गेलेला जावई चार दिवसांत परततो. मी माघापर्यंत मुक्काम ठोकला. कारण माझी उजवी टाच.

कोपरला सासुरवाडीत, नव्या बायकोला ऐट दाखवायला मी भाताच्या पेंढ्या रचलेल्या उंच उडवीवरून उडी मारली. टाचेचं हाड मोडलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी भूल देऊन टाच उघडली, हाड बसवलं, टाके घातले आणि दोन महिन्यांनी सासऱ्यांना बजावलं, "आता रोज चालवा. टाच किती भार पेलते ते बघत जा."

सासरे मिठागरवाले. त्यांनी आपलंच माप काढलं. मला चिखलात चालवायचं आणि ठशात बोटं घालून टाच किती रुतली ते मोजायचं! डावी चार बोटं रुतायची. उजवी चार झाली की मी बरा, आणि बरा झालो की वाफे तुडवायला उतरायचं. (मीठ धरण्याआधी वाफ्याची माती पायांनी तुडवून घट्ट करतात. दिवसभर. उन्हात.)

इकडे खाटेवर बसल्या जागी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण येत होतं. ते सुख मला सोडवेना. मी काठी टेकत चवड्यावर चालू लागलो.

"दोन बोटं," सासरे म्हणायचे. "काल अडीच होती. जावईबापू, ही टाच बरी होतेय का रुसतेय?"

"कळ येते हो, मामा."

एका दुपारी सगळे जेवून लवंडले असताना बांधावर दोन टपोरे खेकडे दिसले. मी काठी टाकली आणि नुकत्याच तुडवलेल्या वाफ्यातून त्यांच्यामागे धावलो. रात्री कालवण झालं. "शेजाऱ्यानं दिले," मी बायकोला सांगितलं. ती पदराआड हसली.

सकाळी सासरे मला वाफ्यावर घेऊन गेले. एका ठशात त्यांनी बोटं घातली.

"चार. काठीचं भोक एक पन नाय. कोन बरं धावला आसंल?"

"गावातलाच कुणी असेल."

"आसंल. पन टाचेवर टाक्यांचा वण हाय त्याच्या."

तो वाफा मी एकट्यानं पुन्हा तुडवला. मग उरलेले अकराही.

महिन्याभरानं डॉक्टर चकित झाले. "इतका फरक? उपचार काय केला?"

"खेकडं," सासरे म्हणाले.

पुढच्या दिवाळीला त्यांचं फार आग्रहाचं बोलावणं आलं. मला वाटलं, जावयाची ओढ. निरोप्या म्हणाला, "वाफे दोन वाढवलेत."