आवाज येतो, बाळ दिसत नाही

व्हिडिओ म्हणजे व्हिडिओ ना? मग एका फोनचा दुसऱ्यावर का दिसत नाही? सकाळपासून डोकं पिकलंय माझं.

काल आमच्या लालबागच्या खोलीत नातीचं बारसं झालं. पुतण्याने त्याच्या महागाच्या फोनवर सगळं काढलं आणि आज गावी भावाच्या जुन्या फोनवर पाठवलं, आईने पणतीला बघावं म्हणून. तिला एवढा प्रवास आता झेपत नाही.

थोड्या वेळाने आईचाच फोन. “पाळणो आयकाक येता गो. चेडू खंय आसा? सगळो काळोख.” मग हळूच म्हणाली, “माजे डोळे गेले, माका वाटता.”

भाऊ सांगतोय, आई, मलाही काळंच दिसतंय. तिला वाटतं, तो समजूत काढतोय. जेवली पण नाही.

पुतण्या म्हणतो, “काकी, त्या फोनला हा फॉरमॅट चालत नाही. सगळीकडे चालेल असा एकच ठरवणार होते, पण कंपन्यांचं पटलं नाही. वेळ मिळाला की बघतो.” आणि गेला कामाला.

पटलं नाही म्हणजे काय? बल्ब कुठल्याही दुकानातून आणा, होल्डरमध्ये बसतो. तिथे बरं पटलं. तुमचे भारीतले ठेवा तुम्ही, पण एक साधा प्रकार प्रत्येक फोनवर चाललाच पाहिजे, असा नियम करायला काय जातं?

ग्रुपवर कंप्युटरवाले पुष्कळ आहेत. हा व्हिडिओ जुन्या फोनवर कसा दिसेल ते मला गुरुवारपर्यंत सांगा. शुक्रवारी आई हट्टाने एसटीत बसून डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालीय.